होडीच्या पिक्चरचं पंधरावं रीळ

तमाम रसिक मायबाप प्रेक्षकांना, कनातीच्या अलीकडच्या बंधूंना आणि पलीकडच्या माताभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचे ऑपरेटर हैदर यांचा खेळ सोमवारी पहाटे विटा मुक्कामी संपला. मशीन बिघडलेलं नाही. वीज गेलेली नाही. कार्बनची कांडीही शिल्लक आहे. तरी कृपया कुणी शिट्ट्या मारू नयेत आणि तिकिटाचे पैसे परत मागू नयेत.

झालं समाधान, हैदर? तुला वचन दिलं होतं की तू गेल्यावर भोंग्यावरून जाहीर करीन. पण जीप भंगारात गेली, भोंगा कडेगावच्या देवळाला दिला, आणि त्यावर आता फक्त आरत्या वाजतात. म्हणून मंगळवारी सकाळी दाढी करताना आरशासमोर उभा राहून मी ही घोषणा केली. पूर्ण आवाजात, तोंडाला साबण असताना. स्वयंपाकघरातून कुसुम म्हणाली, "पुन्हा म्हणा. 'माताभगिनी'ला आवाज चिरकला."

तर पुन्हा म्हटली. दुसऱ्या वेळी जास्त चिरकला.

तुझ्यावर लिहायला बसलोय, आणि जन्म कुठला, शिक्षण किती, मागे परिवार कोण, हे काही मी लिहिणार नाही. ते ज्यांना माहीत हवं त्यांना माहीत आहे. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. पंचवीस वर्षं चाललं, आणि तू मधेच उठून गेलास. ही तुझी जुनी खोड.

आपली जोडी कशी होती ते तरुण मंडळींना सांगून खरं वाटत नाही. फिरता तंबू, सत्तरीच्या दशकाची मधली वर्षं. आज आटपाडी, पंधरा दिवसांनी कडेगाव, मग थेट वाईचा घाट. मी दिवसा जीपमधून भोंग्यावर ओरडायचो आणि संध्याकाळी तिकिटाच्या खिडकीत बसायचो. खिडकी मध्यंतरापर्यंत उघडी ठेवावी लागे, कारण आमचे प्रेक्षक गुरांना वैरण घालून, जेवूनखाऊन सावकाश येत. त्यामुळे मी कुठल्याच पिक्चरची सुरुवात पाहिली नाही. शेवट मात्र सगळे पाहिले. नायक-नायिका एकमेकांना पहिल्यांदा कुठे भेटतात हे मला माहीत नसे. ती भेटली असणार, एवढं धरून चालायचं.

आणि तू? दिवसाला दोन खेळ लावायचास, पण तुझा डोळा मशीनच्या पोटातल्या कार्बनच्या कांडीवर. ती कांडी विझली की पडदा काळा. गाणी तुला पाठ होती, आणि ती म्हणणाऱ्या बाईचा चेहरा तुला नीट आठवत नसे. एकदा तू म्हणालास, "बाळू, तू शेवट बघतोस, मी उजेड बघतो. आपुन दोघं मिळून एक पिक्चर बी पुरा बघितला न्हाई."

मग होडीचा पिक्चर आला.

त्याचं खरं नाव कुणी घेतच नसे. अकरा गाणी होती. नायक होडी वल्हवायचा, नायिका घाटावर गायची, आणि बहुतेक सगळं बोलणं ते गाण्यातच उरकायचे. चौदाव्या रिळात नदीला पूर येतो, पलीकडच्या काठावर अडकलेल्या पोरांना आणायला तो होडी घालतो. पंधराव्या रिळात पोरं काठाला लागतात, उरलेल्यांसाठी तो पुन्हा जातो, आणि मागून होडी रिकामी येते. नायिका घाटावर उभी राहून पहिलंच गाणं पुन्हा म्हणते, एकटी. समाप्त.

पण आपल्याकडे डबे आले ते सोळा. सोळाव्या डब्यावर लाल रंगाने लिहिलेलं: 'पंधरा नवीन'. शहरांत लोकांनी फार हळहळ केली म्हणून कंपनीने मागाहून दुसरा शेवट काढला होता. त्यात होडी रिकामी येते, नायिका गाणं सुरू करते, आणि दुसऱ्या कडव्याला मागून त्याचा आवाज येतो. तो घाटाच्या पायऱ्या चढत येतो, दोघं मिळून गाणं पुरं करतात. डबे पाठवणाऱ्या डेपोचा निरोप होता की दोन्हींतला एक शेवट धरा आणि त्यालाच धरून राहा.

या नव्या रिळात एकच गडबड होती. पुरात गेला तेव्हा नायकाचे केस बारीक कापलेले, आणि परत आला तेव्हा कानांवर लोंबणारे. मधल्या काळात नटाने दुसऱ्या पिक्चरसाठी केस वाढवले असणार. मी तुला ते दाखवलं तर तू म्हणालास, "पुरात न्हावी कुठं मिळतोय?"

आपल्या मालकांनी जुना शेवट धरला. त्यांचा हिशेब सरळ होता: रडलेला माणूस दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन येतो. 'पंधरा नवीन'ला हात लावायचा नाही, लावला तर तंबूतून बाहेर. मालक हे सांगून साताऱ्याला आपल्या घरी गेले. ते आठवड्यातून एकदाच तंबूत येत. उरलेले सहा दिवस तू मालक.

मशीन एकच, त्यामुळे प्रत्येक रिळानंतर दिवे लावावे लागत. लोक पाय मोकळे करत, चुना-तंबाखू होई. चौदावं रीळ संपलं की तू कॅबिनच्या भोकाला डोळा लावायचास आणि कनातीच्या पलीकडे, बायकांकडे बघायचास. किती पदर डोळ्यांना लागलेत ते. पदर लागलेले असले, तर 'पंधरा नवीन'. खिदळत बसल्या असल्या, तर जुनं. तुझं शास्त्र एवढंच. "आदीच रडल्यात त्यांना आनिक कशापायी रडवायचं? आन् ज्या हसत्यात त्यांना जरा रडू दे, बरं असतंय."

मला हे पटत नव्हतं. मी तुला म्हणालो की गोष्टीला शेवट एकच असतो. तो बुडाला तर बुडाला. तू म्हणालास, "तुझ्या बानं सांगितलं व्हय?" आणि मशीनवर हात ठेवायला लावून माझ्याकडून शपथ घेतलीस की दोन शेवट आहेत हे मी कुणाला सांगणार नाही. मशीन तापलेलं होतं. ती शपथ माझ्या तळव्यावर आठवडाभर होती.

ही शपथ माझ्या लग्नाच्या मुळावर येणार होती हे तेव्हा कुणाला ठाऊक.

कुसुमची थोरली बहीण आमच्या कडेगावात दिलेली. तिनेच हे स्थळ सुचवलं. कुसुमचं माहेर वाईजवळ, ऊसमळा, आणि वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सुभेदारांबद्दल पंचक्रोशीत एकच गोष्ट सांगितली जायची: हा माणूस खोटं बोलत नाही आणि बोलणाऱ्याला उंबऱ्यात उभा करत नाही. भोंग्यावर ओरडणारा जावई त्यांना नकोच होता. थोरलीच्या हट्टापायी त्यांनी मला बोलावलं. आपला तंबू तेव्हा वाईतच होता. तू मला तुझा इस्त्रीचा शर्ट दिलास आणि म्हणालास, "कमी बोल."

कमी बोललो. पोहे खाल्ले, शेतीचं सांगितलं, आवाज खालच्या पट्टीत ठेवला. सगळं बरं चाललं होतं. मग सुभेदार कुसुमला म्हणाले, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार." मी स्वयंपाक, शिवण, शिक्षण याची उत्तरं तयार ठेवली होती. कुसुम मान वर करून म्हणाली, "होडीच्या पिक्चरमध्ये तो शेवटी परत येतो का?"

हैदर, तुला वाटेल मला मुद्दाम अडकवायला विचारलं. तसं नव्हतं. तिच्या बहिणीने कडेगावात आपल्याच तंबूत तो पिक्चर पाहिला होता आणि पत्रात लिहिलं होतं की तो परत येतो, मी लय रडले. कुसुमने वाईत, आपल्याच तंबूत पाहिला होता आणि उलट लिहिलं होतं की तो बुडतो. दहा दिवस दोघी बहिणी पोस्टकार्डावर भांडत होत्या. आणि आता समोर साक्षात त्या तंबूचा माणूस बसलेला. तिने न्यायनिवाडा मागितला.

वाईत कोणतं रीळ लागलं ते मला माहीतच नव्हतं, कारण ती आली त्या दिवशी मी पोस्टर आणायला सांगलीला गेलो होतो. शपथ तळव्यावर. मी म्हटलं, आपण कडेगावात स्वतः पाहिलं तेवढंच सांगावं, म्हणजे खोटंही होत नाही. आणि छाती काढून सांगितलं, "येतो की. गाणं म्हणत येतो."

कुसुम शांतपणे म्हणाली, "मग वाईत बुडाला तो कोण?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. ते म्हणाले, "सोताच्या तंबूतला शेवट ह्येला खरा सांगता येत न्हाई. उद्या घरातलं काय सांगंल?" झालं. मुलगी बघण्याचा कार्यक्रम तिथेच समाप्त. पाट्या न दाखवता.

तंबूत येऊन मी तुला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मला ती मुलगी आवडली होती. एका प्रश्नात माणसाला पाडणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती, पिक्चरमध्येही नाही. मी म्हणालो, तुझ्या शास्त्राने माझं वाटोळं केलं. तू कांडी घासत बसलास. मला वाटलं, याला काही फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तू सायकल काढलीस. हातात दोन गोल डबे, एकमेकांना सुतळीने करकचून बांधलेले. मी विचारलं कुठे, तर म्हणालास, "बस मागं. डबं मांडीवर घे." रीळ तंबूच्या बाहेर नेणं म्हणजे नोकरीच गेली, आणि घरी तुझ्यावर पाच माणसं जेवत होती. हे मला वाटेत, चढाला सायकलवरून उतरल्यावर सुचलं. मी म्हणालो, परत फिरू. तू म्हणालास, "ढकल."

सुभेदारांच्या अंगणात ऊन मोकळं पडलं होतं. तू रामराम केलास, डबे उघडलेस, आणि धुणं वाळत घालायच्या तारेवर दोन पट्ट्या सोडल्यास, वर लाकडी चिमटे लावून. "सायेब, ह्यो खोटं बोलला न्हाई. ह्यो शपथंत हुता. दोन शेवट हायत. वाईत कंचा लावला ते ह्येला ठाव न्हाई. लावनारा मी."

कुसुम आधी पुढे आली. उन्हाकडे तोंड करून तिने एक पट्टी पाहिली: रिकामी होडी, रिकामी होडी, रिकामी होडी, बोटाच्या नखाएवढी. मग दुसरी: पायऱ्यांवर माणूस. ती विचारात पडली आणि म्हणाली, "मग आम्हाला बुडालेला का दाखवला?"

"तुमी हसत हुता," तू म्हणालास. "कनातीमागं लय खिदळत हुता त्या दिशी."

कुसुमचा चेहरा पडला. खिदळणाऱ्यांची पुढारी तीच होती. नायकाच्या शर्टावरच्या फुलांवरून तिनेच सुरुवात केली होती. "म्हणजे मी बुडवला त्याला?" ती म्हणाली. तेव्हा तू पहिल्यांदा हसलास, आणि मी ओळखलं की आता काही तरी होईल.

सुभेदार मात्र हसले नाहीत. त्यांनी रिकाम्या होडीची पट्टी धरली. म्हणाले, "शेवट ह्यो. दुसरा समदा बनाव." मला मनातून बरं वाटलं, कारण माझंही तेच म्हणणं होतं. मग ते म्हणाले, "गावात तार आली की पोस्टमन आदी माझ्याकडं येतोय. एकट्यानं त्या दारात जायाचा धीर हुत न्हाई त्येला. लढाईच्या वक्ताला तीन दारांत गेलो मी. तितं कुनी दुसरा डबा काढला न्हाई."

एक कोंबडी डब्याच्या झाकणात डोकावत होती.

तू म्हणालास, "त्या तीन घरच्या बाया पिक्चर बघाया येत्यात का न्हाई, सायेब?"

"येत असत्याल."

"मग त्या कनातीमागं बसल्याल्या असताना मी कंचा डबा काढू? तुमी सांगाल तो काढतो."

सुभेदारांनी चंची काढली, तंबाखू घेतली, चुना लावला, बराच वेळ मळत राहिले. तोंडात टाकली. आणि त्याच चुन्याच्या बोटांनी रिकाम्या होडीची पट्टी पुन्हा उचलून, हातभर लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चिमटीतून ओढत पाहत गेले. तुझा जीव खालीवर होत होता ते मला दिसत होतं. पण त्या क्षणी त्यांना 'हात लावू नका' म्हणणं तुला जमलं नाही. मलाही नाही.

कुसुम तेवढ्यात दुसऱ्या पट्टीपाशी होती. म्हणाली, "आबा, ह्याचे केस बघा. आधी बारीक होते, आता कानावर आलेत." मला वाटलं, संपलं, बनाव उघडा पडला. पण ती पुढे म्हणाली, "म्हणजे मधे चार-सहा महिने गेलेत. तो त्या दिवशी आला नाही हे खरंच आहे. उशिरा आला. ताईचंही खरं आणि माझंही."

हैदर, त्या क्षणी तुझं तोंड पाहण्यासारखं होतं. इतके महिने तू ते रीळ लावत होतास आणि तुझ्याकडे 'न्हावी मिळाला नाही' यापलीकडे उत्तर नव्हतं.

सुभेदार म्हणाले, संध्याकाळी तंबूत येऊन आम्ही पडद्यावर बघू, मग काय ते ठरवू. आणि नेमके त्याच संध्याकाळी मालक साताऱ्याहून आले. पुढच्या सतरंजीवर सुभेदार, कनातीमागे कुसुम, मागे खुर्ची टाकून मालक. अर्थातच तू जुनं रीळ लावलंस. पोरं आली, होडी आली, आणि आभाळभर काळे डाग नाचायला लागले. हातभर पट्टीवरचा सुभेदारांचा चुना. सेकंदभरच, पण रेडा पडद्यावरून पळत गेल्यासारखा दिसला.

खेळ संपला, दिवे लागले. मालक उभे राहिले. "हैदर, रिळावर काय हाय त्ये? डबा कुठं नेला हुतास?"

मी खिडकीच्या दांडीला धरून उभा होतो. माझं लग्न, तुझी नोकरी, दोन्ही त्या चुन्यावर. तू कॅबिनमधून बाहेर आलास, आणि तू खरं सांगणार हे मला तुझ्या खांद्यांवरून कळलं. तेवढ्यात सतरंजीवरून सुभेदार उठले. धोतर झटकलं, छाती ताठ केली.

"ढग हायत ते, मालक."

"ढग?"

"पूर येनार तर ढग नगंत व्हय?"

"मागल्या येळी नव्हतं."

"हुते. मी फौजेतला मानूस हाय, खोटं बोलत न्हाई."

मालकांना त्यांची कीर्ती ठाऊक होती. ते खाली बसले. कनातीमागून कोणी तरी हसू दाबत होतं, आणि ते कोण हे मला पंचवीस वर्षांत रोज ऐकून पाठ झालंय.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. सुभेदारांनी होकार दिला होता, तोही आपल्या पद्धतीने. "पोरगं बेताचंच हाय. पर दोस्त चांगला निवडलाय. दोस्तावर भागवू."

हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही की माझं लग्न तुझ्या जिवावर झालं. तू म्हणालास, "उपकार मानाया लागलास तर मी तंबू बदलीन." म्हणून मी आयुष्यभर तुझ्याशी भांडत राहिलो. दर भेटीत तेच. मी म्हणायचो, गोष्टीला शेवट एकच. सुभेदार, म्हातारपणी आमच्याकडेच राहायला आलेले, माझ्या बाजूला. ते तुला 'दोन रिळांचा मानूस' म्हणायचे आणि तू येणार असलास की सकाळपासून दारात खाट टाकून बसायचे. कुसुम तुझ्या बाजूला, आणि पानात तुला तूप जास्त.

तंबू गेले. तू विट्यात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायला लागलास. मी ऊस आणि बढाया, दोन्ही पिकवत राहिलो. मग एके दिवशी कडेगावच्या कॅसेटवाल्याकडे मला होडीचा पिक्चर दिसला. खोक्यावर छापलेलं: 'संपूर्ण, अखंड'. मी व्हिडिओ भाड्याने आणला, तुला निरोप धाडला. रविवारची दुपार. तू, मी, कुसुम, आणि मधोमध खाटेवर सुभेदार. पहिल्यांदाच आपण दोघांनी एक पिक्चर पुरा पाहिला. ती दोघं पहिल्यांदा बाजारात भेटतात, हैदर. मला वाटलं होतं घाटावर.

आणि शेवटी होडी आली रिकामी. ती एकटीच गायली. दुसरं कडवं आलं तेव्हा आपण चौघेही कान देऊन बसलो. मागून कोणी गायलं नाही. समाप्त.

सुभेदार म्हणाले, "बगा. शेवट एकच." पण उठले नाहीत. पडद्यावर मुंग्या मुंग्या सुरू झाल्या. तू म्हणालास, "अजून टेप हाय आत. मागं कुठं तरी घातलं आसंल." आणि आपण अर्धा तास त्या मुंग्या पाहिल्या. कॅसेट खट्कन थांबेपर्यंत. शेवट एकच म्हणणारे सुभेदारसुद्धा तोवर डोळ्यांवरचा चष्मा न काढता बसलेले. त्या अर्ध्या तासावरून मी त्यांना पुढे कधी छेडलं नाही. छेडायला हवं होतं.

तुला ते फार लागलं. 'पंधरा नवीन' कुठेच उरलं नाही, म्हणजे तू गावोगाव दाखवलेलं सगळं लोक स्वप्न समजतील. तू मला कॅसेट कंपनीला पत्र लिहायला लावलंस. तू सांगत होतास, मी लिहीत होतो: आपल्याकडून एक रीळ राहून गेले आहे, त्यात नायकाचे केस मोठे आहेत, कृपया शोध घ्यावा. उत्तरासाठी पत्ता तुझ्या घरचा.

हैदर, आता ऐक. ते पत्र मी टाकलं नाही.

'असं रीळ अस्तित्वात नाही' असं उत्तर आलं असतं तर तुझं तोंड मला बघवलं नसतं. म्हणून ते माझ्या कपाटात राहिलं. तू दर भेटीत विचारायचास, "आलं का काय?" मी म्हणायचो, मोठी कंपनी आहे, वेळ लागतो. आणि तू समाधानाने मान हलवायचास. माझ्या लक्षात बऱ्याच उशिरा आलं की मी काय करत होतो. मी भोकाला डोळा लावून तुझ्याकडे बघत होतो आणि डबा निवडत होतो. आयुष्यभर ज्यावरून तुझ्याशी भांडलो तेच करत होतो, आणि तुझ्याएवढं निवांतपणे मला जमतही नव्हतं.

बुधवारी ते पत्र टाकलं. पत्ता बदलला नाही. उत्तर तुझ्याच घरी येईल. तुझ्या धाकट्याला सांगून ठेवलंय की फोडू नकोस, मला बोलाव.

सोमवारचं तेवढं सांगतो, मग थांबतो. दुपार कलताना तुला नेलं. सुभेदारांना आम्ही घरीच थांबा म्हणत होतो. ऐंशी ओलांडलेत, कान गेलेत, गुडघे नाहीत. त्यांनी फौजेचा जुना कोट चढवला आणि भाड्याच्या जीपमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. कबरस्तानात माझा खांदा धरून उभे राहिले. पाळी आली तशी त्यांनी मूठभर माती टाकली, मी टाकली. दुवा झाली. लोक हात झटकत, चपला शोधत हळूहळू फाटकाकडे वळायला लागले. मीही वळलो. सुभेदारांचा हात माझ्या खांद्यावरून सुटला. मला वाटलं, पडतात की काय. ते पडले नव्हते. तिथेच, ताज्या मातीशेजारी, काठी बाजूला ठेवून जमिनीवर मांडी घालून बसत होते, तंबूत सतरंजीवर बसायचे तसे. मी खाली वाकून म्हणालो, आबा, चला, संपलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. फाटकापर्यंत गेलेली माणसं थांबून मागे वळली, इतक्या मोठ्याने ते म्हणाले,

"बसा खाली समदी. ह्येच्याकडं अजून एक रीळ असतंय."